बासष्टचे चौसष्ट : संपातलं पॅरिस, मार्च २०२३

बुधवार, २२ मार्च

निवृत्तीचं वय ६२ वरून ६४ करण्याविरुद्धच्या या संपाच्या दिवसांत पॅरिसला उतरणाऱ्याने हवामानाच्या आधी दुसऱ्या दिवशीच्या गाड्या पाहाव्यात. २००७ च्या कायद्यानुसार, ज्यांच्याशिवाय गाडी हलत नाही अशा कर्मचाऱ्यांना संपावर जायचं असेल तर ४८ तास आधी कंपनीला तसं कळवावं लागतं. त्या आकड्यांवरून कोणत्या गाड्या सुटतील ते ठरतं आणि आदल्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमारास यादी जाहीर होते. म्हणजे संप असला तरी त्याचं वेळापत्रक असतं. ज्याने पाचनंतर फोन उघडला नाही तो सकाळी फलाटावर उभा राहून फ्रेंचांच्या नावाने बोटं मोडतो.

शार्ल द गोल विमानतळावरून शहरात येणारी आरईआर बी ही गाडी गार द्यु नोर स्टेशनच्या उत्तरेला एसएनसीएफची (राष्ट्रीय रेल्वे) आणि दक्षिणेला आरएटीपीची (पॅरिसची मेट्रो-बस कंपनी). संपाच्या दिवशी या दोन कंपन्यांमधली साखळी पुष्कळदा तुटते आणि गार द्यु नोरला उतरून सामानासह दुसऱ्या फलाटावर जावं लागतं. तिकीट २०२३ मध्ये ११.४५ युरोचं होतं, तेच पुढेही चालतं. फक्त ते फेकायचं नाही, बाहेर पडताना यंत्राला दाखवावं लागतं. मेट्रोच्या १ आणि १४ क्रमांकाच्या लाइन चालकाविना धावतात, त्यामुळे संप असला तरी त्या सुरूच. पण इतर लाइनचे प्रवासी त्यांच्यावर लोटतात. दादरला संध्याकाळी सहाला जे होतं ते शातले स्टेशनवर दिवसभर.

आज दुपारी एक वाजता राष्ट्राध्यक्ष माक्रों टीव्हीवर बोलले. निवृत्तीचं किमान वय ६२ वरून ६४ वर नेणारा कायदा वर्षअखेरीपर्यंत लागू व्हायलाच हवा, असं त्यांचं म्हणणं. १६ मार्चला पंतप्रधान एलिझाबेत बोर्न यांनी घटनेच्या ४९.३ या कलमाचा आधार घेतला आणि संसदेच्या कनिष्ठ सभागृहात मतदान न घेताच विधेयक पुढे रेटलं. २० तारखेला अविश्वास ठराव नऊ मतांनी पडला. योगायोग असा की, जुन्या पेन्शनसाठी १४ मार्चपासून चाललेला महाराष्ट्रातल्या सरकारी कर्मचाऱ्यांचा संप त्याच २० तारखेला मागे घेतला गेला. इथल्या मराठी मंडळींच्या गप्पांत दोन्ही पेन्शनी एकाच दमात येतात, पण भांडण वेगळं. तिकडे शेवटच्या पगाराच्या निम्मी रक्कम हमखास मिळावी म्हणून, इकडे दोन वर्षं आधी सुटका व्हावी म्हणून.

संध्याकाळी बुलव्हार सँ-मार्सेलवर फेरफटका. हा रस्ता म्हणजे पाचव्या आणि तेराव्या प्रभागाची हद्द. पॅरिसच्या वीस प्रभागांपैकी दहांचा कचरा पालिकेचे कामगार उचलतात, उरलेल्या दहांचा खाजगी ठेकेदार. पाचवा पालिकेकडे, तेरावा ठेकेदाराकडे. त्यामुळे एका फुटपाथवर छातीइतका ढीग आणि समोरचा त्या मानाने मोकळा. ६ मार्चपासून पालिकेचे बरेच सफाई कामगार संपावर आहेत आणि शहरात दहा हजार टनांच्या आसपास कचरा साचला आहे. परदेशातल्या बातम्यांत ‘पॅरिस कचऱ्यात बुडालं’ म्हणून जे फोटो झळकतात ते बहुतेक पालिकेच्या प्रभागांतले. पाचवा, सहावा, सोळावा हे त्यातले महागडे भाग, आणि पाहुणेही तिथेच उतरतात.

गुरुवार, २३ मार्च

कृतीदिनाची ही नववी खेप; १९ जानेवारीपासून तारखा देऊन हे संप चालले आहेत. आठ कामगार संघटना एकत्र आहेत : सीएफडीटी, सीजीटी, एफओ आणि इतर. एरवी सीएफडीटी सरकारशी तडजोडीला तयार होते, यंदा तीही रस्त्यावर आहे, म्हणून या आंदोलनाला धार. सकाळी शार्ल द गोलच्या टर्मिनल एककडे जाणारा रस्ता आंदोलकांनी अडवला आणि लोक बॅगा ओढत चालत टर्मिनल गाठत होते. टीजीव्ही या वेगवान गाड्यांपैकी साधारण निम्म्याच सुटल्या. आयफेल टॉवर आणि व्हर्सायचा राजवाडा बंद.

मुलं लहान असतील तर संपाचा पहिला फटका शाळेत बसतो. प्राथमिक शाळेचे शिक्षकही ४८ तास आधी कळवतात; शाळेतले २५ टक्के किंवा अधिक शिक्षक संपावर जाणार असतील तर मुलांना दिवसभर सांभाळण्याची सोय पालिकेने करायची, असा २००८ चा कायदा आहे. मात्र तिथे शिकवणं नसतं, आणि जेवण मिळेलच असं नाही; डबा द्यावा. पाळणाघराला हा कायदा लागू नाही. नवरा-बायको दोघंही नोकरी करणाऱ्या परदेशी घरात आजी-आजोबा हाताशी नसतात, त्यामुळे संपाविषयीची सर्वांत कडवट मतं पाळणाघराच्या दारात ऐकू येतात. हे मत पेन्शनविषयी नसतं, बुडालेल्या रजेविषयी असतं.

दुपारी मोर्चा बास्तीयहून ओपेराकडे. मार्गावरची मेट्रो स्टेशनं पोलिसांच्या हुकमाने बंद असतात, तेव्हा दोन स्टेशनं अलीकडे उतरून चालावं. मोर्च्याची रचना एकदा कळली की भीती कमी होते. नेते एका फलकामागे असतात. मागे प्रत्येक संघटनेची मोठाली फुग्यांची खूण, लाउडस्पीकरचा ट्रक, आणि कडेला मेर्गेझ नावाच्या तिखट सॉसेजच्या भट्ट्यांचा धूर. या सगळ्याच्या पुढे, नेत्यांच्याही पुढे, कोणत्याच संघटनेत नसलेला जमाव चालतो आणि काळे कपडे घातलेले, काचा फोडणारे त्यातच मिसळलेले असतात. अश्रुधूर तिथे फुटतो. बाजूने पाहायचं असेल तर संघटनांच्या फुग्यांच्या आसपास राहावं आणि शेवटच्या चौकात मोर्चा संपायच्या आत निघावं, कारण ओपेरासारख्या ठिकाणी पोलिस गल्ल्या बंद करतात. डोळ्यांत कॉन्टॅक्ट लेन्स नको. धूर लागला तर डोळे चोळू नयेत, सलाइनच्या छोट्या नळ्यांनी धुवावेत. औषधांच्या दुकानात त्या सहज मिळतात.

परदेशी माणसाने मोर्च्यात जावं का, हा इथल्या भारतीयांच्या व्हॉट्सअॅपवरचा नेहमीचा वाद. कायद्याचं उत्तर सरळ आहे : मोर्चा आणि संप हे हक्क नागरिकत्वाला बांधलेले नाहीत. जाहीर न केलेल्या मोर्च्यात नुसतं हजर असणं हा गुन्हा नाही, असं फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२२ मध्ये म्हटलं. गुन्हा आहे तो पोलिसांनी पांगायची सूचना दिल्यावरही थांबणं, आणि दंगलीच्या जागी कारणाविना चेहरा झाकणं. ताब्यात घेतलं तर २४ तास, पुढे वाढवून ४८. वकील, दुभाषी, डॉक्टर आणि वकिलातीला कळवणं, हे चार हक्क मागायचे. निवास परवाना जवळ बाळगावाच लागतो. एवढं माहीत असूनही बहुतेक जण फुटपाथवरूनच पाहतात. परवान्याचं नूतनीकरण जवळ आलेलं असलं की हक्क कागदावर राहतो, आणि त्यात त्यांचं चुकतं असं म्हणवत नाही.

रात्रीचे आकडे : देशभरात गृहखात्याच्या हिशेबाने १०.८९ लाख, सीजीटीच्या हिशेबाने ३५ लाख. एकट्या पॅरिसमध्ये १ लाख १९ हजार की ८ लाख? इतकी तफावत नेहमीचीच. आधीच्या मोर्च्याशी तुलना करताना दोन्ही वेळी एकाच बाजूचा आकडा घ्यायचा. साडेचारशेहून अधिक जणांना अटक झाली. बोर्दोच्या नगरपालिकेचा दरवाजा जाळला गेला.

शुक्रवार, २४ मार्च

ब्रिटनचे राजे चार्ल्स यांचा रविवारपासूनचा दौरा पुढे ढकलला. आज ला देफाँस, पॅरिसच्या पश्चिमेचा कचेऱ्यांचा भाग. काचेच्या या मनोऱ्यांत भारतीय आयटीवाले मोठ्या संख्येने काम करतात. जेवणाच्या सुट्टीत इथे जी मतं ऐकू येतात त्यांची ढोबळ यादी करता येते. अमेरिकन म्हणतात, आमच्याकडे ६७, हे ६४ ला काय रडतात. जर्मनांचंही तेच. भारतीयांत दोन तट. एक म्हणतो, हे लोक कामच करत नाहीत. दुसरा म्हणतो, आपल्याला पाच आठवड्यांची पगारी रजा मिळते ती यांच्या आजोबांनी संप केले म्हणून. दोन्ही तट पगारपत्रक उघडून पाहत नाहीत, आणि खरं उत्तर तिथेच आहे.

इथलं पेन्शन तिमाह्यांत मोजतात. २०२३ मध्ये १,६९०.५० युरो पगार मिळाला की एक तिमाही जमा. म्हणजे किमान वेतनाचे १५० तास. वर्षाला कमाल चार, मग तीन महिन्यांत भरपूर कमावलं तरी चारच. पूर्ण दराने पेन्शनसाठी २०२३ च्या या नव्या कायद्यात १९६५ आणि नंतर जन्मलेल्यांना १७२ तिमाह्या ठरल्या, अर्थात ४३ वर्षं. त्या भरल्या नसल्या तरी ६७ व्या वर्षी दरातली कपात आपोआप संपते.

आता हे गणित तिशीत पुण्याहून इथे आलेल्या इंजिनिअरला लावा. फ्रान्समधल्याच नोकरीवर १७२ तिमाह्या भरायला तो ७३ वर्षांचा होईल, म्हणून तो ६७ पर्यंत थांबणार, किमान वय ६२ असो की ६४. पुण्यातली नोकरी बाविसाव्या वर्षी लागली असेल तर भारत-फ्रान्स सामाजिक सुरक्षा करारामुळे ती आठ वर्षंही मोजणीत धरता येतात. करार २००८ मध्ये झाला, १ जुलै २०११ पासून अमलात आहे. बावीस अधिक त्रेचाळीस, पासष्ट. तेव्हाही चौसष्टचा संबंध नाही. आणि १९७३ नंतर जन्मलेल्यांना ४३ वर्षं तर आधीच्या कायद्यातही होतीच. ज्या कायद्यावरून देश पेटला आहे तो कॅन्टीनमधल्या या टेबलावरच्या बहुतेकांना शिवतच नाही. मत कडक असो की मवाळ, किंमत दुसराच मोजणार आहे.

तो दुसरा कोण? लवकर कामाला लागलेली, मुलं वाढवलेली बाई. खाजगी क्षेत्रात आईला प्रत्येक मुलामागे आठ तिमाह्या जास्तीच्या मिळतात. बाविसाव्या वर्षी नोकरीला लागलेल्या, दोन मुलं असलेल्या बाईच्या १६ तिमाह्या, म्हणजे चार वर्षं, वजा होऊन तिचा हिशेब एकसष्टालाच पुरा होतो. जुन्या कायद्यात ती ६२ ला घरी गेली असती. या नव्या कायद्यात ६४. मुलांमागे मिळालेल्या तिमाह्यांनी सुटका लवकर होत नाही. जानेवारीत एका मंत्र्यांनी टीव्हीवर हे कबूलही केलं होतं.

तिसरा गट भारतीय कंपनीने पाठवलेल्यांचा. त्यांच्याकडे ईपीएफओचं ‘सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज’ असतं, ६० महिन्यांपर्यंत. वर्गणी भारतात भरतात, फ्रेंच पेन्शनमध्ये एकही तिमाही जमा होत नाही. हे लोक संपाबद्दल सर्वांत मोठ्याने बोलतात, असं इथले जुने रहिवासी जरा खवचटपणे सांगतात.

स्थानिक करारावर असलेल्यांनी करायची कामं अशी. पगारपत्रकात म्हातारपणाच्या विम्याच्या दोन ओळी शोधाव्यात : ठरावीक मर्यादेपर्यंतच्या पगारावर ६.९० टक्के (२०२३ ची मर्यादा महिना ३,६६६ युरो) आणि पूर्ण पगारावर ०.४० टक्का. त्याखाली आजिर्क-आर्को या पूरक योजनेची ओळ. तिथे गुण साठतात, तिमाह्या नाहीत. मग सरकारच्या पेन्शन संकेतस्थळावर जाऊन आपली कारकीर्द-नोंद उतरवून घ्यावी आणि प्रत्येक वर्षासमोर चार तिमाह्या आहेत का ते तपासावं. नोंद हमखास चुकते ती दोन ठिकाणी : पहिल्या वर्षी, कायमचा सामाजिक सुरक्षा क्रमांक मिळायच्या आधी तात्पुरत्या क्रमांकावर झालेले पगार, आणि नाव-आडनाव उलटं पडलेलं असलं की. मधलं नाव वडिलांचं लावायची आपली पद्धत इथल्या यंत्रणेला झेपत नाही. पगारपत्रकं कधीच फेकू नयेत. भारतातली वर्षं धरायची तर ईपीएफओची सेवा-नोंद लागते. ती वर्षं धरल्याने दर सुधारतो, रक्कम मात्र फ्रान्समधल्या तिमाह्यांच्याच प्रमाणात मिळते. निवृत्तीनंतर भारतात परतलं तरी पेन्शन येतं. दरवर्षी हयातीचा दाखला पाठवावा लागतो.

शनिवार, २५ मार्च

देशाच्या पश्चिमेकडे सँत-सोलीन इथे शेतीच्या पाणीसाठ्यांविरुद्धच्या आंदोलनात मोठी हाणामारी. पॅरिसमध्ये दिवसभर टीव्हीवर तेच.

शहराच्या आग्नेय कडेला इव्रीच्या कचराभट्टीपाशी लाकडी पॅलेट जाळून फाटकावर बसलेले कामगार, आणि त्यांना कॉफी पोचवणारे विद्यार्थी. ढिगांचं कारण समजून घ्यायचं तर इथे यावं. इव्री, इसी आणि सँ-तुआँ या तीन भट्ट्या बंद पडल्या की ठेकेदाराचा भरलेला ट्रकही रिकामा करायला जागा उरत नाही. म्हणून संप मोजक्या फाटकांवर धरला तरी शहर तुंबतं. सफाई कामगारांचं निवृत्तीचं वय ५७ होतं, ते ५९ होणार. पहाटे पाचला ट्रकमागे पळणाऱ्याला ही दोन वर्षं ला देफाँसच्या खुर्चीतल्या दोन वर्षांसारखी नसतात.

सरकारचं उत्तर : सक्तीचं बोलावणं. पोलिसप्रमुख ठरावीक कामगारांच्या नावाने लेखी हुकूम काढतात, तो नाकारला तर शिक्षा. मार्सेयजवळच्या फो-स्युर-मेर इथल्या इंधनडेपोतही मंगळवारी हेच झालं. गाडी भाड्याने घेऊन दक्षिणेला जाणाऱ्यांनी टाकी अर्धी झाली की भरावी.

संपाच्या दिवसांचा पगार मिळत नाही. सरकारी खात्यातल्या कर्मचाऱ्याने तासभर काम थांबवलं तरी महिन्याच्या पगाराचा तिसावा भाग जातो. खाजगीत जेवढा वेळ तेवढीच कपात. पगारपत्रकावर मात्र मालकाला ‘संप’ असा उल्लेख करता येत नाही, बिनपगारी गैरहजेरी एवढंच लिहायचं. तोटा भरून काढायला वर्गणीचा संपनिधी असतो, पण तो रोजच्या कपातीला पुरत नाही. खाजगी कंपनीत संपाला नोटीसही लागत नाही : किमान दोघांनी मिळून, कामाशी संबंधित मागणी मालकाला कळवून, काम पूर्ण थांबवलं की झालं. युनियनचं सदस्यत्व नको. हक्क माणसाचा, संघटनेचा नव्हे. मुंबईच्या गिरण्यांत याच्या नेमकं उलट होतं. १९८२ साली अडीच लाखांच्या आसपास कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे गेले, तरी १९४६ च्या कायद्याने बोलणी करायचा अधिकार राष्ट्रीय मिल मजदूर संघालाच होता. फ्रान्समध्ये युनियनचे सदस्य दहा टक्क्यांच्या आसपास आणि मोर्च्यात लाखो, याचं कोडं या फरकात सुटतं.

रविवार, २६ मार्च

गार द्यु नोरमागचा ला शापेल : तमिळ किराणा, कोथिंबीर, कढीपत्ता. मग सतराव्या प्रभागात बातिन्योलचं मोठं इबिस हॉटेल. इथल्या साफसफाई करणाऱ्या बायकांनी, बहुतेक आफ्रिकेतून आलेल्या, जुलै २०१९ पासून मे २०२१ पर्यंत, २२ महिने झुंज दिली. मागण्या अगदी मोजमापाच्या : तासाला किती खोल्या, जेवणभत्ता, ठेकेदाराऐवजी हॉटेलची थेट नोकरी. थेट नोकरी सोडून बरंच मिळालं. त्यांच्यातल्या राशेल केके, आयव्हरी कोस्टहून आलेल्या, २०२२ मध्ये खासदार झाल्या.

‘परदेशी लोकांना संपाबद्दल काय वाटतं’ असं विचारताना बहुधा ला देफाँसच विचारात असतं. पण पॅरिसच्या हॉटेलांत, बांधकामांवर, भटारखान्यांत काम करणारेही परदेशीच, आणि त्यांना संप म्हणजे गैरसोय नाही, निवासाचे कागद मिळवायचं साधन आहे. तेव्हा लागू असलेल्या नोव्हेंबर २०१२ च्या परिपत्रकानुसार विनापरवाना राहिलेल्या कामगाराला नियमित व्हायचं तर साधारणतः पाच वर्षांचं वास्तव्य, ठरावीक संख्येची पगारपत्रकं आणि मालकाने भरून दिलेला अर्ज लागत असे. मालक तो अर्ज देत नाही, कारण देणं म्हणजे आजवर बेकायदा कामावर ठेवल्याची कबुली. अशा वेळी कामगार सीजीटीच्या मदतीने काम थांबवतात, नि अर्ज मिळतो. २००८ मध्ये पॅरिसच्या रेस्टॉरंटांत हेच झालं, २००९-१० मध्ये त्याहून मोठ्या प्रमाणावर.

यांच्या पेन्शनची गोम वेगळीच. कित्येक जण दुसऱ्याच्या कागदांवर, दुसऱ्याच्या नावाने काम करतात. वर्गणी कापली जाते, तिमाह्या त्या दुसऱ्याच्या खात्यात जमा होतात. परवाना मिळाल्यावर मालकाकडून ‘हे दोघं एकच’ असा दाखला घेतला तर नोंद दुरुस्त होण्याची आशा असते. कंपनी बुडाली असेल तर तीही नाही.

सोमवार, २७ मार्च

लूव्र बंद. कर्मचाऱ्यांनी प्रवेश अडवला. काचेच्या पिरॅमिडपुढे वैतागलेले पर्यटक. तिकिटाचे पैसे परत मिळतात, दुसरा दिवस मिळेल याची खात्री नाही. क्लेरमों-फेराँमध्ये सीजीटीचं अधिवेशन सुरू झालं. तिचे सरचिटणीस फिलिप मार्तिनेझ पायउतार होणार.

मंगळवार, २८ मार्च

दहावा मोर्चा, रेप्युब्लिकहून नासिओंकडे. गृहखातं ७ लाख ४० हजार सांगतं, सीजीटी २० लाखांहून अधिक. कोणत्याही बाजूचा आकडा घ्या, गुरुवारपेक्षा घट आहे. आयफेल आजही बंद.

दहा-वीस वर्षं इथे काढलेले परदेशी रहिवासी अशा वेळी मागचे संप काढून बसतात. १९९५ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात तीन आठवडे रेल्वे बंद राहिली आणि पंतप्रधान जुपे यांच्या सरकारने रेल्वेवाल्यांच्या पेन्शनला हात लावायचं सोडलं. २००६ मध्ये तरुणांच्या नोकरीचा कायदा मंजूर होऊनही मागे घ्यावा लागला. २०१० मध्ये मात्र लाखो रस्त्यावर येऊनही ६० चे ६२ झालेच. त्यांचा निष्कर्ष : रेल्वे आणि इंधन दोन्ही सलग थांबली तरच सरकार हलतं, तारखांच्या मोर्च्यांनी जनमत दिसतं, कायदा मागे जात नाही. आजची चिन्हं याच बाजूची आहेत. पॅरिसच्या सफाई कामगारांच्या सीजीटीने उद्यापासून संप थांबवत असल्याचं जाहीर केलं, कारण संपावर उरलेल्यांची संख्याच रोडावली. तीन आठवड्यांचा पगार गेल्यावर दुसरं काय होणार.

बुधवार, २९ मार्च

ट्रक फिरू लागले. ढीग एका दिवसात हलणार नाहीत, कारण भट्ट्यांची क्षमता रोजच्या कचऱ्यापुरतीच असते. साचलेला त्यात थोडाथोडा मिसळावा लागतो.

पुढचा कृतीदिन गुरुवार, ६ एप्रिल. त्या दिवशीचं विमान असेल तर एवढं लक्षात ठेवावं : हवाई वाहतूक नियंत्रकांच्या संपाने उड्डाण रद्द झालं तर युरोपीय नियमाखाली नुकसानभरपाई मिळत नाही, कारण तो विमान कंपनीच्या हाताबाहेरचा मानतात. परतावा किंवा पर्यायी विमान यांतली निवड आणि थांबावं लागलं तर जेवण-मुक्काम, हे मात्र द्यावंच लागतं. काउंटरवर ‘भरपाई’ मागणाऱ्याला नकार मिळतो आणि तो मुक्कामाचा हक्कही सोडून देतो. मागताना आधी पर्यायी विमान मागावं, ते लेखी घ्यावं, आणि जेवणाच्या पावत्या ठेवाव्यात.